बचावपटूचा बचाव कोण करणार?

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत फुटबॉल खेळणारी आपली मुले भेटली की एकच प्रश्न विचारतात, "साहेब, खेळून पुढे काय?" गोल करणाऱ्याचे नाव निदान वर्तमानपत्रात येते. पाठीमागे उभा राहून नव्वद मिनिटे संघ सांभाळणाऱ्या बचावपटूच्या वाट्याला तेही येत नाही.

राहुल भेके या मुंबईच्या मराठी बचावपटूचे उदाहरण घ्या. उमेदीच्या काळात तो ज्या मुंबई एफसीकडून खेळला, तो क्लब २०१७ साली आय-लीगमधून खाली घसरला आणि बंद पडला. भेके तोवर पुढे गेला होता. १७ मार्च २०१९ रोजी आयएसएलच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत हेडर मारून त्याने बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले. २०२४ मध्ये मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून तोच चषक उचलला. पुढे तो बंगळुरूकडे परतला. पण महासंघ आणि आयोजक यांच्यातील कराराचा घोळ मिटेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये आयएसएलच रोखून धरण्यात आली. ऑगस्टमध्ये बंगळुरूने मुख्य संघाचे पगार थांबवले. देशाकडून खेळलेल्यांच्या संघाची ही गत, तर खानदेशातल्या मजुराच्या मुलाने कोणाच्या भरवशावर खेळावे?

आमचे उत्तर स्पष्ट आहे: कायद्याच्या भरवशावर. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण दिले. १ जुलै २०१६ रोजी त्याचे निकष सुधारण्यात आले. समांतर म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत. मग अनुसूचित जातीच्या खेळाडूला खुल्या प्रवर्गातील खेळाडूची जागा बंद आहे काय? मुळीच नाही! डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला. तो खटला महिलांच्या जागांचा होता. पण तत्त्व समांतर आरक्षणाचेच आहे. गुणवत्तेत बसणाऱ्या मागासवर्गीय उमेदवाराला खुल्या प्रवर्गातील समांतर जागेवरून जातीमुळे हटवता येत नाही.

हक्क कागदावर आहे. तो कागदानेच मिळतो. आमचा अनुभव असा की मुलगा मैदानावर कमी पडत नाही, फायलीत कमी पडतो. म्हणून विद्यापीठ संघात निवड झालेल्या प्रत्येक मुलामुलीने स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र त्याच वर्षी हातात घ्यावे. कोणती स्पर्धा कोणत्या गटाच्या पदाला चालते, हे शासन निर्णय स्वतः वाचून पाहावे. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी जाहिरात निघायच्या आधीच करून घ्यावी. आणि पदवी सोडू नये. गुडघा एकदा गेला की क्लब ओळख देत नाही; पदवी देते.

समाजातील वकील, प्राध्यापक, कर्मचारी यांनी जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा या मुलांच्या बुटांवर आणि थोडा वेळ त्यांच्या फायलींवर खर्च करावा. मैदानात तो संघाचा बचाव करतो. मैदानाबाहेर त्याचा बचाव करणे हे आपले काम आहे.