मोडीत घालण्याआधी

घर बदलताना किंवा माळा रिकामा करताना जुने पितळ बाहेर निघते. तांब्या, परात, पातेले आपण ओळखतो. पण त्यांच्याच सोबत भोकांची एखादी थाळी किंवा साखळी लावलेली छोटी टोपी निघते आणि ती कशासाठी होती, हे कुणालाच सांगता येत नाही. मग मोडवाला येतो, सगळे एकाच तराजूत टाकतो आणि दादीच्या जहेजमधली वस्तू किलोच्या भावाने निघून जाते.

अशा वस्तू ओळखू येत नाहीत, कारण बहुधा त्या अर्ध्याच उरलेल्या असतात. जोडीचा दुसरा भाग कधीच हरवलेला असतो. म्हणून उरलेल्या भागालाच प्रश्न विचारावे लागतात.

भोके असतील तर पहिला प्रश्न असा: यातून काय जात होते? पाणी, हवा की धूर?

थाळीसारखी जाळी असेल आणि तिच्यावर पाण्याच्या क्षारांचा पांढरट थर असेल, तर ते चिलमचीचे झाकण असण्याची शक्यता मोठी. पूर्वी दावतीत पाहुण्यांचे हात बसल्या जागीच धुवून देत. एकाने आफताब्यातून पाणी घालायचे, खाली चिलमची धरायची. धुतलेले पाणी पाहुण्याच्या नजरेस पडू नये म्हणून वर ही जाळी.

घुमटासारखी लहान टोपी आणि तिला साखळी असेल, तर ते हुक्क्याच्या चिलमीवरचे सरपोश. निखाऱ्याला हवा मिळावी, पण ठिणगी उडून सतरंजी जळू नये, यासाठी ते असे. जाळीचे झाकण, खाली पाय आणि आत काजळी असेल, तर ती ऊददानी.

लांब मान आणि टोकाला बारीक भोकांचे बोंड असेल, तर तो गुलाबपाश. बोंड फिरवून काढता येते, म्हणून पुष्कळदा ते एकटेच सापडते. अरुंद कुपीच्या बुचालाच सळी जोडलेली असेल आणि आत काळी पूड असेल, तर ती सुरमादानी. झाकणाच्या लहान लहान वाट्या पानदानातल्या असतात. आतला पांढरा थर थोडा खरवडून बशीत घ्यावा आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. फसफसले तर चुन्याची वाटी असण्याचा संभव मोठा. जुना चुना हवेत राहून खडूसारखा होतो, म्हणून तो फसफसतो.

धातूही तपासावा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. काळ्या धातूवर चांदीची नक्षी असेल तर ते पितळ नव्हे, बीदरचे बिदरी काम असू शकते. त्यात मुख्य धातू जस्त असतो. भांड्याच्या आत कल्हईचे रुपेरी डाग असतील तर त्यात अन्न ठेवत असत, कारण बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो.

झीजही पाहावी. खरी जुनी वस्तू बोटे लागतात तिथे, बिजागरीत आणि कडीत झिजते. जी सगळीकडे सारखीच काळी आणि मळकट आहे, ती ॲसिड लावून ‘अँटिक’ केलेली असू शकते.

सर्वांत मोलाची खूण म्हणजे घातलेले नाव. तळाशी किंवा काठाखाली टिंबांनी कोरलेली उर्दू अक्षरे असतात. मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांना ती नक्षीच वाटते. ज्याला उर्दू येते त्याला दाखवा. अक्षरे उजवीकडून वाचायची, आकडे मात्र डावीकडून. साल हिजरी असेल तर त्याला 0.97 ने गुणून 622 मिळवा. 1345 असेल तर उत्तर येते सुमारे 1926. एवढ्या हिशेबाने पणजीच्या निकाहचे साल हाती येऊ शकते.

हे सगळे होईपर्यंत चिंच, लिंबू किंवा पावडर लावून घासू नये. काजळी, चुना, सुरमा हेच पुरावे आहेत आणि आपण आधी तेच धुऊन टाकतो. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, बस्स.

परदेशी राहणाऱ्या मुलामुलींना आठवण म्हणून अशी वस्तू द्यायची असेल तर एक ध्यानात ठेवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलावस्तू किंवा कारागिरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

आणि हे पितळ सर्वांत आधी दाखवायचे ते घरातल्या सर्वांत वयस्क बाईला. ती हातात घेईल, झाकण फिरवून पाहील आणि बहुधा नाव सांगेल. ते नाव, कुणाच्या जहेजमध्ये आले आणि कशासाठी वापरत, हे कागदावर लिहून त्याच वस्तूत ठेवा. पितळ आणखी शंभर वर्षे टिकेल. सांगणारी आज आहे, तोवर विचारून घ्या.