शनिवार-रविवारचा हिशेब



गावाकडून फोन आला की आधी अभ्यासाची चौकशी होते आणि मग हळूच दुसरा प्रश्न येतो. "शनिवार-रविवार सुट्टी असते म्हणे तुम्हाला. मग करता काय?" या प्रश्नाच्या पोटातला प्रश्न मला कळतो. शिक्षणासाठी कर्ज काढलंय, द्राक्षबाग तारण आहे, आणि पोरगी तिकडे नुसती हिंडतेय की काय! तेव्हा आज त्याचाच हिशेब देते.

मी राहते नेदरलँड्समध्ये, वॅगेनिंगन गावी. आपल्याकडे या देशाला सर्रास हॉलंड म्हणतात. ऱ्हाईन नदीच्या एका फाट्याच्या काठी तालुक्याएवढं हे गाव. इथे 1876 पासून शेतीचं शिक्षण मिळतं. आता त्याचं मोठं विद्यापीठ झालंय. गावाला रेल्वे मात्र नाही. स्टेशन एडेला, तिथवर बसने नाहीतर सायकलने जायचं.

सायकलीवाचून इथे पान हलत नाही. मी जुनी विकत घेतली. तिला हाताचा ब्रेकच नाही, पायडल उलटं दाबलं की ती थांबते. रात्री दिवा नसेल तर पोलीस दंड करतात. डोंगर नाहीत म्हणून सोपं वाटेल, पण समोरून वारा सुटला की सपाटीवरही घाट चढल्यासारखा दम लागतो.

डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो. वर्गाला अंधारात जायचं, अंधारातच परतायचं. नव्या पोरांना थंडीपेक्षा हा अंधार जास्त खातो. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी त्या दिवसांत फोन जरा लांबवावा. जेवलीस का, एवढं विचारून ठेवू नये.

स्वयंपाकघर दहाजणांत एक. इथली माणसं दुपारी गार पाव आणि चीज खातात. मी सकाळीच पोळ्या करून डबा नेते. शेजारच्या खोलीतली इथिओपियाची मुलगी इंजेरा करते, म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणा. माझ्या शेंगदाण्याच्या चटणीवर तिचा डोळा असतो. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला शिकत असताना आठवड्याला 16 तासांपर्यंतच काम करता येतं, आणि तेही मालकाने परवाना काढला तर. शुक्रवारी संध्याकाळी मी एका हॉटेलात भांडी घासते. हिंडायचं ते याच पैशातून. कर्जाच्या पैशाला हात नाही, बरं का!

आता हिंडणं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही चौघी एका शनिवारी निघालो. चौघींचं मिळून तिकीट काढलं की स्वस्त पडतं. एडेहून उट्रेक्ट, तिथून आल्कमार, पुढे बस. गावाचं नाव ब्रूक ऑप लांगेडाइक. आमच्यातल्या दोघींना समुद्रावर जायचं होतं. मी हट्टाने इकडे ओढलं, कारण मी निफाड तालुक्यातली. कांद्याच्या लिलावाच्या आवाजात वाढलेली.

या भागात पूर्वी शेतं म्हणजे पाण्यातली बेटं होती. माणसं होडीने शेतात जायची, कोबी-कांदा होडीनेच बाजारात आणायची. पूर्वी जो तो आपापल्या होडीजवळ व्यापाऱ्याशी भाव करी. 1887 साली इथे भाजीचा लिलाव सुरू झाला. पुढे पाण्यावरच लिलावघर बांधलं. भरलेली होडी एका दारातून आत यायची, बाकांवर बसलेल्या व्यापाऱ्यांसमोरून जायची, आणि विकलेला माल घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडायची. नंतर जमिनींचं एकत्रीकरण झालं, पाणी बुजवून रस्ते आले, आणि 1973 साली हा लिलाव बंद पडला. आता ते संग्रहालय आहे. पाहुण्यांनाही बाकावर बसून बोली लावता येते.

आपल्याकडे बोली खालून वर चढते. इथे उलटं. भिंतीवर मोठं घड्याळ. काटा चढ्या भावापासून सुरू होतो आणि खाली खाली येतो. जो आधी बटण दाबेल त्याचा माल. थांबून पाहावं तर दुसरा घेऊन जातो, घाई करावी तर महाग पडतो. शेजाऱ्याने काय ठरवलंय ते काटा थांबेपर्यंत कळत नाही. मी कोबीच्या पेटीसाठी बटण दाबलं तेव्हा हात घामेजले होते. व्यापाऱ्याच्या पोटातही गोळा येतो, हे मला पहिल्यांदा त्या बाकावर बसून समजलं. आजवर मी फक्त ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या नानांचा चेहरा पाहिला होता.

रात्री फोनवर हे सगळं नानांना सांगितलं. हिंडण्याबद्दल चकार शब्द नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "आवक दुप्पट झाली तर तुझा काटा कुठं थांबतो?"

प्रश्न बरोबर वर्मावरचा. आवक वाढली की काटाही खालीच जायचा. घड्याळाने मंदी हटत नाही. पण डच लिलाव बहुतेक शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे होते. त्यांनी किमान भाव ठरवला होता. काटा त्याच्या खाली गेला की माल विकायचाच नाही. तो माल जनावरांना जायचा नाहीतर फेकला जायचा, आणि भरपाईसाठी सगळ्यांच्या पट्टीतून थोडं थोडं कापून ठेवलेलं असायचं. हे मी सोमवारी ग्रंथालयात बसून शोधलं आणि नानांना कळवलं.

"पट्टीतून कापायला आपल्यातले किती तयार होतील?" त्यांनी विचारलं. मग आईने फोन घेतला आणि त्या भाजीवाल्या गावात मेथी मिळते का, ते विचारलं.