ऐकणे आणि वाचणे : एका परीक्षेच्या निमित्ताने

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी शाळा सुटल्यावर आमची एक माजी विद्यार्थिनी हातात निकालाचा कागद घेऊन शिक्षकदालनाच्या दारात उभी राहिली. परिचारिकेचा अभ्यासक्रम तिने उत्तम रीतीने पुरा केला आहे आणि एका रुग्णालयात चार वर्षे सेवाही केली आहे. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी व्हावी या हेतूने ती आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन आली होती. त्या नोंदणीसाठी श्रवण, वाचन व संभाषण या तिन्ही विभागांत नऊपैकी सात गुण लागतात. लेखनात साडेसहा चालतात. संभाषण व लेखन यांत ती निभावली होती. श्रवणात व वाचनात मात्र तिला सहाच गुण मिळाले होते. तिचे वडील उधन्यास यंत्रमागावर काम करतात. शिकवणीवर्गाची फी आणि परीक्षेचे शुल्क त्यांनी उसने काढून भरले होते.

ती म्हणाली, "सर, शब्द सगळे ओळखीचे होते हो. पण बोलणारी बाई पुढे निघून गेली आणि मी मागच्याच शब्दापाशी राहिले."

हे वाक्य आम्हांला फार लागले. कारण ही मुलगी पाच वर्षे आमच्याच वर्गात इंग्रजी शिकली होती. तिच्या उत्तरपत्रिका आम्हीच तपासल्या होत्या आणि तिला चांगले गुणही आम्हीच दिले होते. तेव्हा दोष कोणाचा, याचा विचार करणे आम्हांस भाग पडले. तोच विचार आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ही परीक्षा कशी असते ते पाहू. ती १९८९ पासून घेतली जाते. श्रवणाच्या विभागात चार भाग व ४० प्रश्न असतात. पहिल्या भागात दोन व्यक्तींचा नित्य व्यवहारातला संवाद, दुसऱ्यात एखाद्या सार्वजनिक सोयीविषयी एकाच व्यक्तीचे निवेदन, तिसऱ्यात अभ्यासाविषयी चालणारी चर्चा आणि चौथ्यात एक व्याख्यान असते. बोलणारे कधी इंग्लंडचे, कधी ऑस्ट्रेलियाचे, तर कधी अमेरिकेचे असतात. हे सारे ध्वनिमुद्रण सुमारे ३० मिनिटांचे असून ते एकदाच ऐकवले जाते. वाचनाच्या विभागात तीन दीर्घ उतारे, त्यांवर ४० प्रश्न आणि वेळ ६० मिनिटे. केंब्रिज विद्यापीठाची 'सी-वन ॲडव्हान्स्ड' ही परीक्षाही याच जातीची. तिच्या श्रवणविभागात ३० प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात. वाचन व भाषाप्रयोग यांच्या एकत्रित प्रश्नपत्रिकेत ९० मिनिटांत ५६ प्रश्न सोडवावे लागतात. दोनदा ऐकवतात म्हणून ती सोपी, असे मात्र कोणी समजू नये. तेथे शब्द ऐकू येऊन भागत नाही. बोलणाऱ्याचे मत कोणते आणि त्याचा हेतू काय, हेही ओळखावे लागते.

अशा परीक्षेसाठी आपल्या सुरतेत शिकवणीवर्ग पुष्कळ आहेत. दोन-तीन महिन्यांत हमखास यश, अशा पाट्या आपण येता-जाता वाचतो. या वर्गांत काहीच शिकवत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. प्रश्नपत्रिकेची मांडणी कशी असते, वेळ कसा वाटून घ्यावा, जुन्या प्रश्नपत्रिका कशा सोडवाव्यात, हे तेथे समजते आणि ते समजणे अवश्यच आहे. पण ज्याचा कान तयार आहे, त्यालाच या युक्त्या उपयोगी पडतात. विहिरीत पाणी असेल, तर दोर-बादलीचा उपयोग. आमचे स्पष्ट मत असे आहे की, श्रवणाची व वाचनाची खरी तयारी शाळेच्या वर्षांतच व्हावयास पाहिजे. आणि तिचा मोठा भाग मराठीतूनच होऊ शकतो.

यावर पालक म्हणतील, "मराठी माध्यमाच्या मुलांना हे कसे जमणार?" त्या मुलीच्या वडिलांनीही आम्हांला हाच प्रश्न केला. मुलीला इंग्रजी माध्यमात घातले असते तर ही वेळ आली नसती, असे ते खिन्नपणे म्हणाले. ज्या शाळेत शिक्षक दिवसभर खरोखरच चांगले इंग्रजी बोलतात, तेथील मुलांच्या कानांवर ती भाषा अधिक पडते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आपल्या मुलांचा कान मुळातच दुबळा आहे, ही समजूत मात्र सर्वस्वी चुकीची आहे.

आपल्या शाळेतील मुलेच पाहा. त्यांतील कित्येकांची कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीकाठच्या रेल्वेने सुरतेस आली. घरी अहिराणी, वर्गात मराठी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती, असा या मुलांचा दिवस जातो. शाळेत गुजराती विषय सुरू होण्यापूर्वीच लिंबायतचे पोर दुकानदाराशी गुजरातीत हिशेब करते. त्याला ती भाषा कोणी शिकवली? ना व्याकरण, ना शब्दार्थांची वही. त्याने ती ऐकली, चुकत चुकत बोलून पाहिली आणि ती त्याची झाली. आम्ही स्वतः कोकणी घरात वाढलो. 'हांव' म्हणणारे आम्ही मराठी शाळेत जाऊन 'मी' म्हणावयास शिकलो, तेही आधी कानाने आणि मग पुस्तकाने. चार भाषा कानाने शिकणाऱ्या मुलांना पाचवी तेवढी कानाने येत नाही, याचे कारण त्यांच्या कानांत शोधण्यापेक्षा आमच्या शिकवण्यात शोधले पाहिजे.

इंग्रजी आम्ही केवळ डोळ्यांनी शिकवतो. धडा वाचावयाचा, फळ्यावर शब्दार्थ लिहावयाचे, मराठीत अर्थ सांगावयाचा आणि उत्तरे उतरवून घ्यावयास लावावयाची, ही आमची पद्धत. ती आली कोठून, हेही समजून घेतले पाहिजे. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांना इंग्रजी वाचणारे व लिहिणारे लोक हवे होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी हे शिक्षण घेतले आणि ते त्या काळी यथायोग्यच होते. मराठीचे आद्य व्याकरणकारांपैकी एक, दादोबा पांडुरंग, हे आपल्या सुरतेतच इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली येथे दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्मसभा स्थापन करणाऱ्यांत तेही होते. स्वभाषेचे व्याकरण लिहिणारा मनुष्य इंग्रजीही शिकवू शकतो, हे या शहराने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. परंतु गरज बदलली. आजची परिचारिका कागद वाचण्याआधी रुग्णाचे बोलणे ऐकते आणि रुग्ण काही धड्यातील वाक्ये बोलत नाही.

डोळ्यांनी शिकलेल्या भाषेचा एक तोटा असा की, लिपी कानाला फसवते. आमच्या कोकणीत 'ए' व 'ओ' यांचे मिटके आणि उघडे असे दोन दोन उच्चार आहेत व त्यांनी शब्दाचा अर्थही पालटू शकतो. देवनागरीत मात्र ते एकाच चिन्हाने लिहितात. इंग्रजीत हे पावलोपावली घडते. आमची मुले इंग्रजी शब्दावर शिसपेन्सिलीने 'कम्फर्टेबल' असा देवनागरी उच्चार लिहून ठेवतात. बोलणारा मात्र 'कम्फ्टबल' असे काहीसे बोलून पुढे जातो. मूल त्या लिहिलेल्या शब्दाची वाट पाहत राहते आणि वाक्य हातचे जाते. आमच्या विद्यार्थिनीचे नेमके हेच झाले.

वाचनाची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे अडचण शब्दांची नसून सवयीची आहे. या परीक्षेतील एका प्रश्नप्रकारात विधान देऊन विचारतात : उताऱ्याप्रमाणे हे खरे, खोटे, की उताऱ्यात सांगितलेलेच नाही? आम्ही हा प्रयोग नववीच्या वर्गात मराठीतून करून पाहिला. फळ्यावर लिहिले, "सुरतेत तापीवरील होप पूल १८७७ साली बांधण्यात आला." मग विचारले, "होप पूल १८८७ साली बांधला," हे विधान कसे? सर्वांनी "खोटे" म्हटले. "होप पूल हा तापीवरील सर्वांत जुना पूल आहे," हे कसे? निम्म्याहून अधिक वर्ग "खरे" म्हणाला. वस्तुतः फळ्यावरच्या वाक्यात त्याविषयी एक अक्षरही नव्हते. जे लिहिलेले नाही ते आपल्या मनाने वाचावयाचे, ही खोड मराठीतच जडलेली असते; इंग्रजीच्या परीक्षेत ती केवळ उघडी पडते. मार्गदर्शकातील तयार उत्तरे पाठ करून ही खोड जात नाही, उलट बळावते.

मग उपाय काय? आमच्या मते उपाय जुनाच आहे आणि तो फुकटही आहे. पूर्वीच्या शाळांतून श्रुतलेखन नेमाने होत असे. गुरुजी एकेक वाक्य सांगत आणि मुले ते कान देऊन लिहून घेत. आम्ही ते वेळखाऊ म्हणून सोडून दिले. यंदापासून आमच्या वर्गात ते पुन्हा सुरू केले आहे : एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी, दररोज दहाच मिनिटे. वाक्य एकदाच वाचले जाते. पहिल्या आठवड्यात "सर, परत सांगा ना" असा एकच गलबला होई; आता तो पुष्कळ कमी झाला आहे. शुद्धलेखनासही याचा लाभ होतो, कारण परीक्षेच्या श्रवणविभागात उत्तर बरोबर असूनही शब्दाची अक्षरे चुकली तर गुण जातो. वरच्या वर्गांतील मुलांनी घरी आकाशवाणीवरील इंग्रजी बातम्यांचा एक मिनिटाचा भाग ध्वनिमुद्रित करून ऐकावा, ऐकले तसे लिहावे आणि पुन्हा ऐकून आपल्या चुका आपणच शोधाव्यात. वाचनासाठी रोज एक पान वाचावे, मग ते मराठी असो वा इंग्रजी. आणि प्रत्येक परिच्छेदाचे तात्पर्य एका वाक्यात लिहावे. पालकांस एवढीच विनंती की, रात्री जेवणानंतर मुलाकडून वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून घ्यावी आणि "यात नेमके काय सांगितले आहे?" असे विचारावे. त्यासाठी पालकाला इंग्रजी यावयास हवे असे नाही.

कोणी म्हणेल, सर्वच मुले थोडीच परदेशी जाणार आहेत? नाहीत, आणि सर्वांनी जावे असा आमचा आग्रहही नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य एकदा ऐकून नीट ध्यानात ठेवणे, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे व काय लिहिलेले नाही हे पाहणे, याची गरज उधन्यातही पडते आणि लंडनमध्येही.

केंब्रिजने परक्यांसाठी इंग्रजीची पहिली प्रावीण्य परीक्षा १९१३ साली घेतली. ती बारा तासांची होती. तीत भाषांतर होते, ध्वनिशास्त्र होते आणि श्रुतलेखनही होते. तिला तीनच उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. ही हकीकत आम्ही त्या मुलीला सांगितली, तेव्हा निकाल लागल्यापासून ती प्रथमच हसली.

आता ती दर शनिवारी सायंकाळी शाळेत येते. आम्ही वाचतो, ती लिहिते. मग ती मराठीतील एखादा अग्रलेख वाचते व त्याचे तात्पर्य इंग्रजीत सांगते. परीक्षेला ती पुन्हा केव्हा बसणार, हे अद्याप ठरलेले नाही आणि आम्हीही तिला घाई केलेली नाही. गेल्या शनिवारी आठवीतील दोन मुले खिडकीशी उभी राहून ऐकत होती. त्यांना आम्ही आत बोलावले आणि वही-पेन्सिल आणावयास सांगितले.