चढत्या श्रेणीचा न्याय

हायडेनहाइम हे हिंगोलीहूनही लहान, सुमारे 50 हजार वस्तीचे जर्मन गाव. परंतु 2007 मध्ये फ्रँक श्मिट यांनी प्रशिक्षकपद स्वीकारले तेव्हा प्रादेशिक स्पर्धेत खेळणारा तेथील फुटबॉल संघ 2009 मध्ये तिसऱ्या आणि 2014 मध्ये दुसऱ्या श्रेणीत पोहोचला, आणि 28 मे 2023 रोजी रेगेन्सबुर्ग येथे नव्वद मिनिटे सरूनही पिछाडीवर असताना, वाढीव वेळेत दोन गोल करून, सर्वोच्च श्रेणीत दाखल झाला. या उत्कर्षाचे श्रेय चिकाटीला आहेच. तितकेच ते, जिंकेल तो वर चढेल व हरेल तो खाली येईल, या कोणाच्याही मेहेरबानीवर न विसंबणाऱ्या शिरस्त्याला आहे.

आपल्याकडे कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा आदी तालमींनी फुटबॉल जिवंत ठेवला आणि तेथील अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. हिंगोली जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी वा सेनगावच्या मुलांत ते सामर्थ्य नाही, असे कोण म्हणेल? महसुलाचे दप्तर जसे तालुक्यातून जिल्ह्याकडे आणि तेथून राज्याकडे नियमाने जाते, तसाच विजयी संघालाही चढता मार्ग मुक्रर करून द्यावा. एकदिवसीय चषक आणि सत्कारसमारंभ यांनी गुणांचे संवर्धन होत नाही.