फ्लोराइडचा आकडा गावाच्या फलकावर लिहा

जळगाव शहर वाघूर धरणाचे पाणी पिते. धुळे शहराला तापीवरून आणि नकाणे, डेडरगाव तलावांतून पाणी येते. शहराची हद्द ओलांडली की कुठे नदीकाठची विहीर, कुठे बोअर, कुठे सातपुड्याच्या पाड्यावरचा हातपंप. या प्रत्येक पाण्यात फ्लोराइड कमी-जास्त असते आणि ते किती, हे पिणाऱ्याला ठाऊक नसते. माझी मागणी एकच आहे: खानदेशातल्या प्रत्येक गावाने आणि पाड्याने आपल्या पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक स्रोतातल्या फ्लोराइडचा आकडा, तपासणीच्या तारखेसह, सर्वांना दिसेल असा लिहावा. त्यामागची कारणे मुद्द्यांनी मांडतो.

१. परदेशातला वाद आपल्या दारात आणू नका.
अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ साली दातांची कीड रोखण्यासाठी नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. आज अमेरिकेत सार्वजनिक नळयोजनेवरच्या दर १०० माणसांपैकी सुमारे ७२ जणांना असे पाणी मिळते. इंग्लंडमध्ये हे प्रमाण जेमतेम दहांत एक आहे. बर्मिंगहॅमला १९६४ पासून असे पाणी मिळते, इतर बहुतेक शहरांना नाही. २०२५ साली युटा आणि फ्लोरिडा या अमेरिकी राज्यांनी ही पद्धत कायद्याने बंद केली. त्या वादाचे व्हिडिओ आता आपल्याही मोबाइलवर येतात आणि लोक घाबरून टूथपेस्ट बदलतात. आपल्या नळाच्या पाण्यात कुणी फ्लोराइड मिसळत नाही. ते जमिनीतूनच येते, म्हणून ते किती आहे हे पाहणे हे आपले पहिले काम आहे.

२. आपल्या उन्हाळ्यात दीडची मर्यादा सैल पडते.
भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत सूट आहे. पण शरीरात किती जाते ते माणूस किती पाणी पितो त्यावरही ठरते. अमेरिकेने १९६२ साली फ्लोराइड मिसळण्याचे प्रमाण ठरवताना हवामान पाहिले होते: थंड प्रदेशात १.२ आणि उष्ण प्रदेशात ०.७. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. केळीच्या बागेत किंवा कापसाच्या रानात दिवसभर राबणारा मजूर कार्यालयात बसणाऱ्याच्या कितीतरी पट पाणी पितो. त्याला दीडची सूट लावणे मला मान्य नाही. खानदेशाने १ हीच मर्यादा धरावी.

३. जिल्ह्याचा आकडा गावाला काही सांगत नाही.
राज्यातल्या ज्या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात दीडपेक्षा अधिक फ्लोराइड आढळल्याची नोंद केंद्रीय भूजल मंडळाने केली, त्यांत चंद्रपूर, नांदेड, नागपूर यांच्याबरोबर धुळ्याचेही नाव आहे. पण धुळे जिल्हा म्हणजे साक्रीचे डोंगर, शिंदखेड्याची कोरडवाहू जमीन, शिरपूरचा तापीकाठ. यातले कुठले गाव? कुठला बोअर?

आपली जमीनच अशी आहे की शेजारच्या दोन विहिरींचे पाणी सारखे नसते. धुळे-नंदुरबारच्या काळ्या पाषाणात जागोजागी डाइक आहेत, म्हणजे जमिनीत उभ्या गेलेल्या खडकाच्या भिंती. त्या भूजल अडवतात, त्यामुळे भिंतीच्या अलीकडचे पाणी वेगळे आणि पलीकडचे वेगळे असू शकते. तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात गाळाचे जाड थर आहेत आणि केळीसाठी उपसा करून करून तिथले बोअर खोल खोल गेले आहेत. खोल पाणी बहुधा जुने असते. खडकाशी आणि मातीशी त्याचा सहवास जितका लांबतो तितके त्यात फ्लोराइड विरघळण्याची शक्यता वाढते.

यात एक फसगत आहे, तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. गावात बोअरचे पाणी जोखण्याची रीत ठरलेली: गोड लागते का आणि डाळ शिजते का. मचूळ, जड पाण्यात डाळ दडदडीत राहते, म्हणून ते वाईट. हलक्या पाण्यात लवकर शिजते, म्हणून ते चांगले. पण जड पाण्यातले कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते. मातीच्या थरांतून मुरताना पाण्यातले कॅल्शियम गळते, त्याच्या जागी सोडियम येते, पाणी हलके होते आणि फ्लोराइड विरघळायला मोकळे होते. म्हणजे ज्या बोअरवर डाळ छान शिजते म्हणून रांग लागते, तोच आधी तपासायला हवा. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही.

४. हिरवे कार्ड म्हणजे फ्लोराइडचा दाखला नव्हे.
ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. ही पद्धत चांगली आहे. तिने साथीचे रोग रोखायला मदत केली. पण ते कार्ड स्रोताभोवतीची घाण, गळक्या वाहिन्या, टीसीएल पावडरचा साठा, जलसुरक्षकाचे काम अशा गोष्टींवर ठरते. टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराइड तसेच राहते. हिरवे कार्ड मिळालेल्या गावात फ्लोराइड जास्त असू शकते, हे ग्रामसेवकांनी लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

५. नुकसान लहान मुलांचे होते आणि ते भरून निघत नाही.
पक्क्या दातांचे कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत घडते. त्या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेले की दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके, आडव्या रेघा आणि पुढे तपकिरी डाग येतात. घासून ते जात नाहीत. मुलगी हसताना ओढणी तोंडावर धरते, आणि घरचे म्हणतात नीट घासत नाही. वर्षानुवर्षे प्रमाण फार जास्त राहिले तर हाडे आणि सांधे ताठरतात: गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरता येत नाहीत, हनुवटी छातीला टेकत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात अंगणवाडी आणि जिल्हा परिषद शाळेच्या पाण्यापासून व्हावी.

शहरातल्या पालकांसाठी इथेच दोन शब्द. धरणाच्या आणि नदीच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असते, तेव्हा तुमच्या मुलांना धोका किडीचा आहे. फ्लोराइडची पेस्ट वापरा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरे, आणि चूळ भरून थुंकायला शिकवा.

६. घरगुती उपाय आणि विकतचे जार यांवर गाव सोडून देता येणार नाही.
पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. तुरटी नुसती फिरवूनही भागत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मोजून वापरण्याची ‘नालगोंडा पद्धत’ बसवली, पण तिला रोजचे माप आणि रोजचा माणूस लागतो. आरोने फ्लोराइड निघते, म्हणून ऐपतीची घरे जार घेतात. मजुराचे घर हातपंपावरच राहते आणि पाण्याची विषमता एकाच गल्लीत येते. खरा इलाज चांगल्या स्रोताचे पाणी आणणे हा आहे. ज्या नालगोंड्याचे नाव फ्लोराइडशी जोडले गेले, तिथे तेलंगणाने मिशन भगीरथमधून कृष्णेचे पाणी नेले. आपल्याकडे तापी, गिरणा, पांझरा आहेत, आणि पाऊस जमिनीत मुरवण्याचा शिरपूरचा अनुभवही आहे.

७. योजना बंद पडली की गाव पुन्हा बोअरवर येते.
जलजीवन मिशनने २०१९ पासून घरोघरी नळ, माणशी ५५ लिटर आणि तेही मानकाप्रमाणे शुद्ध पाणी देण्याचे वचन दिले. पण वीजबिल थकले, पंप जळाला, उन्हाळ्यात विहीर आटली, की जुना बोअर सुरू होतो. कागदावर नळ दिसतो, घशाखाली बोअर जातो. म्हणून तपासणी फक्त योजनेच्या विहिरीची करून चालणार नाही.

८. काय करायचे.
गावातल्या पाच महिलांना तपासणी संच हाताळायला शिकवायचे, असे जलजीवन मिशनमध्येच ठरलेले आहे. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, रसायनाचे थेंब टाकायचे, हलवायचे आणि रंगपट्टीशी ताडून पाहायचे. फ्लोराइड कमी असेल तर रंग गुलाबी राहतो, वाढत जाईल तसा पिवळ्याकडे झुकतो. काही मिनिटांचे काम आहे. रंग पिवळ्याकडे गेला तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवावा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा करण्याचा दंडक आहे. फ्लोराइडसाठी ती दोनदा व्हावी, आखाजीच्या आधी पाणी खोल गेलेले असताना आणि दिवाळीनंतर. बंद योजनांचे राखीव बोअर, पाड्यांवरचे हातपंप, जारवाल्यांचे बोअर, सगळे त्यात यावेत. १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आकडा आलेल्या स्रोतावर ‘पिण्यासाठी नाही’ असे रंगवावे. ते पाणी धुण्याभांड्याला खुशाल वापरा.

पुढची ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी यांपैकी ज्या दिवशी असेल, त्या दिवशी उठून विचारा: आपल्या बोअरचे फ्लोराइड किती, आणि ते कधी तपासले? मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि उत्तर मिळाले नाही तर तेही लिहून घ्या.