तुलना ज्याची, कौल त्याचा

जगातला सर्वोत्तम रोलर कोस्टर कोणता, याचा कौल घेताना एक मागणी हमखास पुढे येते: ज्याने शे-दोनशे कोस्टर पालथे घातले त्याच्या मताला जास्त वजन द्या, चार राईड केलेल्याला काय कळते? अमेरिकेतले ‘अम्युझमेंट टुडे’ हे नियतकालिक १९९८पासून ‘गोल्डन तिकीट’ पुरस्कार देते, तेही भरपूर फिरलेल्या मतदारांच्या कौलावर.

या मागणीत तथ्य आहे. नवख्याच्या पोटात कोणत्याही उतारावर गोळा येतो. मागच्या डब्यात उताराची ओढ जास्त बसते, लाकडी कोस्टर दिवस तापेल तसा वेगाने धावतो, हे बारकावे सरावानेच कळतात. पण दोनशे कोस्टर केलेला माणूस दोनशे एकाव्यात बसलाच नसेल, तर त्याबद्दल बोलण्याचा अधिकार त्याला कुठून येतो? शिवाय देशोदेशी फिरायला पैसा आणि रजा लागते. ती ऐपत म्हणजे पारख नव्हे.

दुसरा पक्ष म्हणतो, सरळ मते मोजा. यात तर गर्दीच जिंकेल. पेनसिल्व्हेनियातल्या नोबेल्स उद्यानातला ‘फिनिक्स’ हा १९४८चा लाकडी कोस्टर जेमतेम ७८ फूट उंच. मूळचा टेक्सासमधला, १९८५मध्ये इथे आणून उभारलेला. २०१८ आणि २०१९मध्ये तो ‘गोल्डन तिकीट’च्या लाकडी गटात पहिला आला. नुसती डोकी मोजली असती, तर महानगरांजवळच्या उद्यानांपुढे त्याचा निभाव लागला नसता.

मग मार्ग कोणता? मिच हॉकर यांनी १९९४मध्ये सुरू केलेल्या कौलाने तो दाखवून दिला आहे. त्यात कोस्टरांची जोडी-जोडीने तुलना होई आणि दोन्हींत बसलेल्यांचेच मत धरले जाई. समजा, एकात हजार मतदार बसले, दुसऱ्यात शंभर आणि दोन्हींत साठ. त्या साठांपैकी चाळिसांनी दुसरा पसंत केला, तर दुसरा सरस. उरलेल्यांची संख्या इथे गैरलागू.

या पद्धतीत अनुभवाला त्याचे वजन आपोआप मिळते. दहा कोस्टर केलेल्याच्या हाती ४५ तुलना असतात, दोनशे केलेल्याच्या हाती १९,९००. त्याला वेगळा मान कशाला हवा? खोपोलीच्या इमॅजिकातल्या ‘नायट्रो’मध्येच बसलेल्या मुलीकडे आज एकही तुलना नाही. उद्या ती दुसऱ्या कोस्टरमध्ये बसली, की त्या जोडीपुरते तिचे मत कोणत्याही दिग्गजाच्या मताइतकेच भरेल. हाच खरा न्याय.

दोन अटी मात्र हव्यात. दोन्हींत बसलेले मतदार अगदीच मोजके असतील, तर ती जोडी बाजूला ठेवावी. आणि अनुभव ताजा असावा. १९९८मध्ये ‘गोल्डन तिकीट’च्या लाकडी गटात पहिला ठरलेला ‘टेक्सस जायंट’ पुढे फार हादरे देऊ लागला. २००९मध्ये तो बंद झाला आणि २०११मध्ये पोलादी रूळ घालून पुन्हा धावला. त्या जुन्या आठवणीवर आजच्या कोस्टरला गुण देणे चूक आहे.

कौल घेणाऱ्यांनी म्हणून ‘किती कोस्टर केले?’ हा प्रश्न सोडून द्यावा. ‘कोणते केले, आणि केव्हा?’ एवढेच विचारावे.