कुणबी नोंदींची पाने बाकीच्या प्रश्नांसाठीही उघडा




2023 च्या सप्टेंबरपासून महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे बांधून ठेवलेली दप्तरे सुटली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी ‘कुणबी’ असा उल्लेख असलेल्या नोंदी शोधायच्या होत्या, आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर. कोतवाल बुके, गाव नमुना 14, हक्कनोंदणीची पत्रके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, मोडीतले कागद असे सगळे धूळ झटकून बाहेर आले. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्या आणि त्यांची पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढू लागली. या नोंदींमागच्या मराठा आरक्षणाच्या वादावर बोलणारे पुष्कळ आहेत. या पानांचे पुढे काय, हे मात्र कोणी विचारताना दिसत नाही.

गाव नमुना 14 म्हणजे गावची जन्म-मृत्यूची वही. मृत्यूच्या पानावर तारीख, नाव, जात, वय आणि मरणाचे कारण. दप्तर धुंडाळणाऱ्याची नजर जातीच्या रकान्यावरूनच फिरली. त्याला काम तेवढेच दिले होते. त्याच ओळीत जरा पुढे ‘ताप’, ‘पटकी’, ‘देवी’ असे लिहिलेले असते. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे दगावली. या रोगाला सरकारी वहीत वेगळे सदर नव्हते, त्यामुळे बहुतेक मृत्यू तापात जमा झाले. जिल्ह्याचा आकडा इंग्रजांच्या आरोग्य अहवालात सापडतो. माढा तालुक्यातल्या एखाद्या गावात त्या ऑक्टोबरात किती जण गेले आणि त्यांत तरण्या बायका किती होत्या, हे सांगेल तर गावची वहीच सांगेल. पंढरपूरच्या वारीचेही तसेच. पटकी पसरली की गोरे अधिकारी यात्रेवर बोट ठेवून मोकळे होत. त्यात खरे किती आणि सोयीचे किती, हे आषाढीनंतरच्या महिन्यांतले मृत्यू गावोगावच्या वह्यांतून काढून, वारीच्या वाटेवरची आणि वाटेबाहेरची गावे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ठरायचे नाही.

आज हे करता येत नाही. तालुका निवडा, गाव निवडा, पीडीएफ उघडा, एवढीच सोय. ते पान कोणत्या वहीतले, वही कोणत्या वर्षापासूनची, मधली पाने फाटली आहेत की कोणी स्कॅनच केली नाहीत, याचा पत्ता नसतो. त्याहून मोठी अडचण अशी, की शोध एका शब्दाचा असल्याने तो शब्द नसलेले पान संकेतस्थळावर चढण्याचे कारणच नव्हते. अशा निवडक पानांवरून साथीचा हिशेब मांडला तर तो चुकणारच. संशोधकाला अख्खी वही लागते, पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत.

वि. का. राजवाड्यांना हे कळत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला आणि पुढे एकूण 22 खंड झाले. आपल्या मताला पूरक तेवढेच कागद त्यांनी छापले नाहीत. म्हणून तर त्यांच्या प्रस्तावनांशी भांडणाऱ्यांनाही दारूगोळा त्यांच्याच खंडांतून मिळत आला आहे.

सोलापूरला तर अशा आकड्यांची किंमत वेगळी सांगायला नको. इथल्या विणकर समाजांच्या पाहणीवर र. गो. काकडे यांचे पुस्तक पुण्याच्या गोखले संस्थेने 1947 साली काढले. धनंजयराव गाडगीळांचे सोलापूर शहरावरचे पुस्तक 1965 साली आले. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवर 2012 साली लिहिले, त्यातही सोलापूरचे माग आहेत. गोखले संस्थेने आपल्या ग्रंथालयातली जुनी प्रकाशने डिजिटल करून कोणालाही विनामूल्य खुली केली, हे मोठेच काम. पण पुस्तकात तक्ते येतात, घरोघरच्या मूळ प्रश्नावल्या येत नाहीत. सावकाराचे देणे आणि घरातल्या बायकांचे कांड्या भरण्याचे काम यांचा संबंध आज कोणाला तपासायचा झाला, तर छापलेल्या बेरजेपाशीच थांबावे लागते.

आणि संकेतस्थळ म्हणजे काही तिजोरी नव्हे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पात लाखो पुस्तके स्कॅन झाली. पुढे स्वामित्वहक्काच्या तक्रारींवरून ते संकेतस्थळच बंद पडले. कार्ल मॅलमुड यांनी त्यातली चार लाखांहून अधिक पुस्तके उतरवून इंटरनेट अर्काइव्हवर ठेवली, म्हणून ती आजही वाचता येतात. शीर्षके वाकड्यातिकड्या रोमन लिपीत, मधलीच पाने गायब, पण आहेत तरी! लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर 2023 मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मातब्बर संस्थेची सूचीही कित्येक आठवडे बंद होती. मंत्रालयाची 2012 ची आग आपण पाहिलीच आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला पैशाचा. मोठा खर्च दप्तर सोडून, माणसे बसवून पाने शोधण्याचा असतो, आणि तो होऊन गेला आहे. आता निम्म्यावर थांबणे हीच उधळपट्टी. मोडी वाचणारे थोडे, हे खरे. पण 2025 मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा देवनागरी लिप्यंतरासह खुल्या केल्या, त्या यंत्राला मोडी शिकवण्यासाठीच. जाणकारांनी वाचलेले प्रत्येक पान असे जपले तर पुढच्या पानाचे कष्ट कमी होतील.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. सोलापुरात सेटलमेंट आहे. ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले आणि 1952 साली तो कायदा गेला, तरी शिक्का पिढ्यान्‌पिढ्या पुसला नाही. सेटलमेंटच्या नोंदवह्या नावांसकट जालावर टाकायला कोणीही विरोध करावा. जन्माच्या अलीकडच्या नोंदीही बंदच हव्यात. त्यातली माणसे हयात आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचे वय आणि आजार, नाव झाकून, अभ्यासकाला देण्यात कोणाचे काय जाते? 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संशोधन आणि अभिलेखांसाठी सवलत ठेवलेली आहे.

सुरुवात एका तालुक्यापासून करता येईल. अक्कलकोट आणि मंगळवेढा तूर्त बाजूला ठेवावेत. ते संस्थानी मुलूख, त्यांची दप्तरे वेगळी. माढा किंवा बार्शी घ्यावा, 1911 ते 1920 च्या उपलब्ध मृत्यूच्या वह्या पूर्ण स्कॅन कराव्यात, आणि गाव, वर्ष, महिना, वय, लिंग, कारण आणि मूळ पानाचा क्रमांक असा साधा तक्ता करावा. इतिहास आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी सोलापूरच्या विद्यापीठात आहेतच. एक प्रत विद्यापीठात, एक मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि एक जालावर, कोणालाही उतरवून घेता येईल अशी. जिल्हाधिकारी आणि कुलगुरू यांनी यासाठी एक बैठक तरी लावावी.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, सोलापूर